चावडीच्या खिडकीतली ताई

आमच्या गावात रेडिओ आला तेव्हा बायकांनी तो पाहिला नाही, फक्त ऐकला. बायकांनी चावडीत पाऊल टाकायचं नाही, हा रिवाज निजामाच्याही आधीचा. निजाम गेला, विलीनीकरण झालं, चावडीवर तिरंगा चढला, पण उंबऱ्याचा रिवाज जिथल्या तिथं राहिला. सरकारी योजनेतला तो रेडिओ चावडीतल्या लाकडी कपाटात बसवला होता आणि कपाटाची किल्ली शाळेच्या गुरुजींकडं असायची. दुपारी बायकांचा कार्यक्रम लागायच्या वेळी गुरुजी आवाज मोठा करायचे आणि मागच्या बाजूची गजांची खिडकी उघडायचे. खिडकीखाली दगडी ओटा होता. त्यावर आम्ही बसायचो, पाठ भिंतीला, तोंड समोरच्या कडुलिंबाकडं. आवाज आमच्या डोक्यावरून यायचा. वळून कुणी बघायचं नाही, कारण खिडकीतून चावडी दिसते आणि चावडीत पुरुष असतात.

हे आधी सांगते, कारण पुढं जे झालं ते या बसण्यातूनच झालं असं माझं मत आहे. ज्याचं तोंड दिसत नाही आणि जे डोक्यावरून बोलतं, त्याला आमच्याकडं माणूस म्हणायची पद्धत नव्हती.

कार्यक्रमात दोघं बोलायचे. एक ताई आणि एक भाऊ. त्यांची नावं सुरुवातीला सांगत असत, पण गावानं ती कधी उचलली नाहीत. ताई प्रत्येक वाक्याआधी किंचित हसायच्या, जणू आधी फडकं अंथरायचं आणि मग त्यावर वस्तू मांडायची. भाऊ प्रश्न विचारायचे. डाळीला कीड लागू नये म्हणून काय करावं, ताई? पोराला गोवराची पुरळ उठली तर काय करावं, ताई? ताई सांगायच्या, भाऊ थोडा वाद घालायचे, हरायचे, आणि म्हणायचे, "व्वा, ताई!"

मला ती दोघं मुळीच आवडत नव्हती. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील रझाकारांच्या काळात सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. तिथून त्यांनी आणलेल्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या घरात ज्वारीच्या कणगीशेजारी रचलेले असायचे. मी अक्षरं त्यावरच शिकले. माझा 'अ' अन्यायाचा होता आणि 'ज' जुलमाचा. त्यामुळं कुणीही गोड आवाजात बोललं की मला आधी राग यायचा. ताई सांगायच्या, रोज एक फळ खा. आमच्या गावात फळ आजाऱ्याला मिळायचं, तेही बेंबळीचा बाजार भरला तर. ताई सांगायच्या, दुपारी घटकाभर पाय वर घेऊन पडा. कुणाच्या घरात? भाऊंचं तर मला अगदीच हसू यायचं. हरण्यासाठी नेमलेला पुरुष! जगात असा एक तरी असता तर पत्रकं छापावी लागली नसती.

ओट्यावर मात्र माझं मत कुणी विचारत नव्हतं. तिथं वेगळीच चर्चा.

"ही दोगं नवराबायको म्हणावं, तर ती त्याला भाऊ म्हणती," माझी आई म्हणायची.

"भाऊच असंल. नवरा इतकं ऐकून घेतोय व्हय?"

"दोघांची भांडणं झूठी हैं," आमच्या आळीतली बांगड्यावाली चाची म्हणायची. "सच्ची भांडणात दुसऱ्याला येवढा टैम बोलू देते क्या कोई? माझा म्हातारा तर मी तोंड उघडायच्या आत जिंकून बसतो."

सगळ्या हसायच्या. एक बाई हसायची नाही, ती माझी वहिनी.

वहिनी सीमेपलीकडची, कानडी मुलखातली. आमच्याच जातीतलं घर, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, सगळं सारखं. फक्त जीभ वेगळी. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी येत नव्हतं आणि आमच्या घरानं तिला ते शिकवलंही नाही. कामाचे हुकूम तेवढे तिला कळायचे. ती बोलली की "भाकर झाला", "म्हैस आली न्हाय, म्हैस गेला" असं व्हायचं. आळीतल्या पोरी तिची नक्कल करायच्या. दादाही हसायचा, पण त्याच्या हसण्यात काटा नव्हता. हळूहळू वहिनीनं बोलणंच बंद केलं. दुपारी मात्र ती कापसाची टोपली घेऊन ओट्याच्या टोकाला बसायची आणि वाती वळता वळता ऐकायची. कार्यक्रम संपेपर्यंत तिची नजर लिंबाच्या बुंध्यावरून हलायची नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. आईनं ठरवलं, दादाचं दुसरं लग्न करायचं. लोहारा गावची एक मुलगी तिच्या नात्यात होती. पाव्हणे सुगी झाली की येणार, बोलणं पक्कं करणार. आणि आईचं म्हणणं असं, की एका घरात दोन बायका म्हणजे भांडण, त्यापेक्षा पहिलीला तिच्या भावांकडं घालवून द्यावी. वहिनीचे भाऊ कसले होते ते मला ठाऊक होतं. त्यांनी बहिणीला पाठवतानाच सांगितलं होतं, दिलेली पोर परत आली तर घरात जागा नाही, विहिरीत आहे.

मी आईशी भांडले. दुसऱ्या बायकोला बंदी करणारा कायदा झालाय, पत्रकात छापून आलंय, हे मी तिला वाचून दाखवलं.

"कायदा चावडीत," आई म्हणाली. "घरात म्या हाय."

वडिलांकडं गेले. निजामाच्या पोलिसांपुढं न वाकलेला माणूस. ते म्हणाले, "घरातलं तुझ्या आईचं." आणि पुन्हा वर्तमानपत्रात तोंड घातलं. त्या दिवसापासून मी ताईंवर जास्तच चिडले. रोज दुपारी सगळ्या गावच्या बायका ज्या एका बाईचं मुकाट्यानं ऐकतात, तिनं एकदा, फक्त एकदा, त्या कायद्याबद्दल बोलावं. ताई त्या आठवड्यात लिंबाच्या लोणच्याबद्दल बोलल्या.

मग रेडिओची बॅटरी उतरली.

गुरुजींनी खिडकीतून सांगितलं, "बायांनो, बॅटरी धाराशिवला पाठवावी लागतीय. दिवस लागतील. घरला जावा."

कुणी उठलं नाही. "दुपारची घरी जाऊन काय सासूचं तोंड बघू?" एकजण म्हणाली. तिची सासू शेजारीच बसली होती. "बग की," सासू म्हणाली, "फुकट हाय." त्या दिवशी बायका नुसत्याच बसल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या. सवय होती. डाळ निवडायची, डोकी बघायची, आणि मधूनच सगळ्यांनी गप्प व्हायचं, कारण आता कार्यक्रमाची वेळ.

असंच गप्प असताना आवाज आला.

"नमस्कार मैत्रिणींनो."

"आली बगा बॅटरी," चाची म्हणाली. आम्ही सावरून बसलो. ताई बोलत होत्या. आधी हसू, मग वाक्य. तुरीच्या डाळीचं काहीतरी. मग त्या थांबल्या. भाऊंनी प्रश्न विचारायची ती जागा होती. भाऊंचा आवाज काही आला नाही. ताई मात्र पुढं म्हणाल्या, "चांगला प्रश्न विचारलात, भाऊ," आणि उत्तर देऊ लागल्या.

मला वाटलं, रेडिओ अर्धाच दुरुस्त झालाय. मग लक्षात आलं. आवाज डोक्यावरून येत नव्हता. तो माझ्या खांद्याच्या उंचीवरून येत होता, उजव्या बाजूनं. मी मान वळवली. चावडीची खिडकी बंद होती. ओट्याच्या टोकाला वहिनी बसली होती, मांडीत कापूस, नजर लिंबावर. ओठ तिचे हलत होते आणि त्यातून ती मराठी येत होती, स्वच्छ, शहरातली, स्त्रीलिंग-पुल्लिंग कुठंही न चुकलेली.

एकेक करून सगळ्यांनी वळून पाहिलं. कुणी ओरडलं नाही. वहिनी बोलत राहिली. भाऊंच्या प्रश्नासाठी थांबायची, मान किंचित कलती करून ऐकायची, एकदा तर हसलीही, कुणीतरी विनोद केल्यासारखी. शेवटी म्हणाली, "ज्या घरात एक माणूस बोलत नाही, तिथं ते माणूस ऐकत असतं, हे विसरू नका. पुन्हा भेटू." मग तिनं टोपली उचलली आणि घरी गेली.

संध्याकाळी गोठ्यात तिनं मला विचारलं, "म्हैस पाणी पिला?" तीच जुनी वहिनी, तोच कानडी हेल. मी तिला ओट्यावरचं विचारलं, तर तिनं मान खाली घातली आणि शेण काढू लागली.

गावानं विचार फार केला नाही, कारण उत्तर तयार होतं. आमच्याकडं मंगळवारी-शुक्रवारी कुणाच्या ना कुणाच्या अंगात यायचंच. यल्लम्मा यायची, एखादीची मेलेली सवत यायची, एका म्हातारीच्या अंगात तर तिचा स्वतःचा तरुणपणीचा दीर यायचा आणि तंबाखू मागायचा. जे खिडकीतून बोलत होतं त्याचं ठाणं बंद पडलं. मग ते जाणार कुठं? जवळच्या अंगात. ही चूक फक्त आमच्या गावातल्या बायकाच करू शकत होत्या, कारण त्यांनी रेडिओ पाहिलाच नव्हता. मी त्यांना तारा, लहरी, केंद्र, सगळं समजावलं.

"तू बगितलाय व्हय रेडू?" एकीनं विचारलं.

मीही बघितला नव्हता.

"जिन म्हणावा तर यानं आतापर्यंत कोंबडी मांगी असती," चाची म्हणाली. "ये तो डाल में नीम की पत्ती डालो बोलता है. असा शहाणा जिन म्या उभ्या जिंदगीत नाही देखा."

पण तीही रोज यायची. मुलांना घेऊन बायका यायच्या, वहिनीच्या पायावर हळद-कुंकू टाकायच्या, कापूर लावायच्या. लिंबाच्या बुंध्याशी ऊन आलं की वहिनी बोलू लागायची. मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असेल, तर त्या मधल्या जागांची. भाऊंची शांतता. पहिल्या दिवशी ती नुसती शांतता होती. काही दिवसांनी बायका त्या शांततेत हसू लागल्या. ताई थांबायच्या, कुणीच काही बोलायचं नाही, पान हलायचं नाही, आणि ओट्यावरच्या सगळ्या बायका एकदम तोंडाला पदर लावून हसायच्या. माझी आईसुद्धा. मी तिला घरी विचारलं, "कशाला हसलीस गं?"

"भाऊ बोललं की," ती म्हणाली. "तुझं ध्यान कुठं हुतं?"

मी ऐकायचा प्रयत्न केला, खोटं सांगत नाही. एकदा त्या शांततेत मला कुणाचा तरी श्वास ऐकू आला. तो माझाच होता हे कळायला मला वेळ लागला.

वहिनीबद्दल माझं काय मत झालं ते इथंच सांगते. पत्रकात छापलेलं उत्तर असं, की ही बाई दबलेली आहे, दबलेल्या बायकांच्या अंगात येतं. खरं आहे ते. पण त्यात एक गोष्ट सुटते. वहिनीला कुणीच मराठी शिकवलं नव्हतं, त्या दोघांखेरीज. आम्ही तिला दिली ती हुकूम ऐकण्यापुरती मराठी. काही म्हणायचं, समजावायचं, कुणाला थांबवायचं, त्यासाठी लागणारी सगळी मराठी तिला खिडकीतून मिळाली होती, आणि ती तिला ताईंच्या आवाजासकट मिळाली होती. दोन्ही वेगळी करता येतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी ज्यांना फुकटची गोडबोली माणसं म्हणत होते, ती त्या घरात तिच्याशी वाक्य पूर्ण करून बोलणारी पहिली माणसं होती. ताई-भाऊंबद्दलचं माझं मत मी त्या दिवशी बदललं नाही. फक्त ते अपुरं होतं एवढं मला कळलं.

बॅटरी आली. गुरुजींनी खिडकी उघडली. मला बरं वाटलं, आता खरा आवाज आणि खोटा आवाज शेजारी-शेजारी ऐकू येतील आणि हा प्रकार मिटेल. बायका बसल्या. वहिनीही बसली. कार्यक्रमाचं वाद्य वाजलं आणि भाऊ बोलले, एकटेच. म्हणाले, "मैत्रिणींनो, काही दिवस ताईंना यायला जमणार नाही."

ओट्यावरच्या सगळ्या माना वहिनीकडं वळल्या.

आजारी असतील, रजेवर असतील. शहरातल्या माणसाला रजा असते. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण भाऊंना एकट्यानं बोलायची सवय नसावी. ते एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. आणि त्यांच्या त्या थांबण्यात, बरोबर खिडकीखालून, वहिनी हसून उत्तर द्यायची. वरून भाऊ, खालून ताई. एकदा भाऊ म्हणाले, "असं असलं तरी दूध उकळायचं कधी, हा प्रश्न राहतोच." वहिनी म्हणाली, "लगेच, भाऊ, लगेच." आणि वरून आवाज आला, "लगेच, हे त्याचं उत्तर."

आईनं माझा हात धरला. "बग," ती म्हणाली. "तिकडं न्हाईत. हितं हायत."

त्यानंतर वहिनी घरातही तशीच बोलू लागली. आधी दिवसातून एखादं वाक्य, मग सगळीच. चुलीशी वाकून भाकरी भाजताना ती म्हणायची, "पीठ जरा सैल मळावं, म्हणजे कड फाटत नाही," आणि आम्ही घास हातात धरून थांबायचो. म्हशीला हाक मारायचीसुद्धा त्याच आवाजात. म्हैस तिच्याकडं बघायची आणि मागं सरायची.

सुगी झाली. लोहाऱ्याहून निरोप आला, पाव्हणे येतायत. आई हळदीकुंकवाचं ताट आणि नारळ घेऊन ओट्यावर गेली. सगळ्या बायकांसमोर ती स्वतःच्या सुनेच्या पुढ्यात बसली. जिला ती कधी "अगं ए" शिवाय बोलली नव्हती, तिच्या पायाला तिनं हात लावला.

"ताई, तुमाला विचारायचं हुतं. लेकाला दुसरी करावी का न्हाय?"

वहिनी हसली. "मैत्रिणी, तुमच्या घरात एक सून आहे ना?"

"हाय की."

"तिला विचारलंत?"

"तिला काय इचारायचं, ताई? ती कानडी. तिला काय बी कळत न्हाय."

वहिनी थांबली. मान कलती करून तिनं ऐकलं. मग म्हणाली, "भाऊ विचारतायत, ती आत्ता कुठं आहे?"

आई समोर बघत होती. तिच्या सुनेच्या तोंडाकडं, एक हातभर अंतरावरून. कपाळावरची विभूती सकाळी आईच्याच डबीतून लावलेली होती. मी आईचा चेहरा पाहत होते. ती खोटं बोलत नव्हती, नाटकही करत नव्हती. तिनं ओट्यावर शोधलं, लिंबाखाली शोधलं, पुन्हा त्या चेहऱ्याकडं आली, आणि तिला तिथं कुणी दिसलं नाही.

"घरी," आई म्हणाली. "घरी हाय ती."

"मग तिला घरीच राहू द्या. आणि दुसरी आणू नका."

लोहाऱ्याचे पाव्हणे आले तेव्हा आईनं त्यांना सोप्यात चहा दिला आणि सांगितलं, "पाव्हणं, पोरीचं न्हाय जमायचं. ताईंनी न्हाय म्हणलंय."

"कोण ताई?" मुलीच्या बापानं विचारलं.

आईनं हनुवटीनं आतल्या खोलीकडं दाखवलं. आतून आवाज आला, "नमस्कार." तो माणूस उठला, त्याला कुठं हात जोडावेत ते कळेना, शेवटी त्यानं कणगीला हात जोडले आणि बशीतला चहा तसाच टाकून निघाला.

मला आनंद झाला. कायद्यानं जे झालं नाही, वडिलांच्या पत्रकांनी जे झालं नाही, ते झालं होतं. वहिनी घरात राहणार होती. त्याच आठवड्यात बेंबळीच्या बाजारात आमच्या तरुण मंडळाची सभा होती आणि मला अंगात येण्याच्या भोंदूपणावर बोलायचं होतं. भाषण पाठ होतं. मी उभी राहिले आणि दुसऱ्या बायकोच्या कायद्यावर बोलले. अंगात येण्याबद्दल एक शब्द काढला नाही. मंडळाचे लोक नाराज झाले. होऊ देत. मी तेव्हा उच्चारलं असतं ते प्रत्येक खरं वाक्य वहिनीला विहिरीजवळ नेणारं होतं, आणि असं सत्य बोलायला मी कुणाला बांधलेली नाही.

पण घरी आले तर दादा अंथरूण गुंडाळत होता, भर दुपारी. ते त्यानं खांद्यावर टाकलं आणि मळ्याकडं निघाला.

"कुठं?"

"मळ्यातल्या गुरांच्या कोठ्यावर. तिथंच झोपत जाईन आता."

"का?"

"तिच्या अंगात हाय ते. बाजूला कसं पडू?"

"दादा, ती तुझी बायको आहे. तिनं हे सगळं तुझ्यासाठी केलंय."

"तुला काय ठावं?" तो चिडला नव्हता, म्हणून मला भीती वाटली. "माझी बायको 'भाकर झाला' म्हणायची. म्या हसायचो, ती बी हसायची. आता कुणाला हसू? परवा म्या तिला हाक मारली. ती म्हणली, 'बोला, मी ऐकते आहे.' सारं गाव बसल्यावाणी वाटलं अंथरुणावर."

तो गेला. वहिनी दारात उभी होती. तिनं हे ऐकलं होतं.

पुढं काही दिवसांनी रेडिओवरच्या ताई रजेवरून परत आल्या. खिडकीतून तोच आवाज, तेच हसू. मी ओट्यावर सगळ्यांकडं बघितलं. बायका थोडा वेळ ऐकत बसल्या, मग त्यांनी नापसंतीनं माना हलवल्या.

"ही ती न्हाय."

"आवाज पातळ हाय हिचा."

"नवी आणली दिसतीया. हिला डाळीचं काय ठावं?"

चाचीसुद्धा म्हणाली, "असली हमारे पास है, बाई. ही नकल." त्या दिवसापासून बायका खिडकीखाली बसेनाशा झाल्या. आमच्या दारात बसू लागल्या. दुपारी गुरुजी रिकाम्या ओट्यावर आवाज सोडायचे, आणि आमच्या सोप्यात वहिनी बोलायची.

शेवटी मला राहवेना. परसात आम्ही दोघीच ज्वारी पाखडत होतो. आई देवळात, वडील बाहेर. मी दाराला कडी घातली आणि तिच्यासमोर बसले.

"वहिनी, आता कुणी नाही. लोहाऱ्याचं मोडलं. तुम्ही जिंकलात. मी कुणालाही सांगणार नाही, आईची शपथ. एकदा, एकच वाक्य, तुमच्या आवाजात बोला. चुकीचं बोला. 'म्हैस आला' म्हणा. कानडीत बोला. मी तुमच्या पाया पडते."

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं पाहिलं. तिनं तोंड उघडलं आणि मला दिसलं की ती बोलायचा प्रयत्न करते आहे. गळ्याची शीर ताठली, ओठ एका शब्दाच्या आकाराचे झाले, पुन्हा झाले, आणि काही आलं नाही. विहिरीत बादली सोडावी आणि दोर संपावा तसं. मी तिचे हात धरले. मग तिचा चेहरा सैल पडला, आणि हळू आवाजात, माझ्यापुरतंच, ताई म्हणाल्या,

"तिला येता येत नाही. पण ती ऐकते आहे. तुम्ही बोला, मी तिला सांगते."

मी देवापुढं हात जोडत नाही. नवस, अंगारा, ताईत, सगळ्याविरुद्ध मी लिहिलंय आणि यापुढंही लिहीन. त्या दिवशी परसात, भर उन्हात, माझी मान आपोआप खाली गेली, आणि मी समोर जे कुणी बसलं होतं त्याच्याशी ताई समजून बोलले.

"तिला सांगा, दादाचं मन वाईट नाही. तो घाबरलाय."

"तिला माहीत आहे."

"तिला विचारा, ताईंना जाऊ द्यायचं का? मी दादाला परत आणते. सवत येऊ देणार नाही. मी भांडेन, मी कोर्टात जाईन."

ती थांबली. मान कलती झाली. यावेळी ती भाऊंचं ऐकत नव्हती, आतलं काहीतरी ऐकत होती, आणि ते पुष्कळ वेळ बोलत होतं. परसात कोंबड्या सांडलेले दाणे टिपत होत्या.

"ती विचारते," ताई म्हणाल्या, "तुमच्या लग्नानंतर या घरात कोण भांडेल?"

वहिनीचे डोळे भरले, पाणी गालांवरून उतरलं, हनुवटीवरून ज्वारीत पडलं. खांदे हलत होते. आणि त्या हलणाऱ्या अंगातून, जराही न कापता, तो प्रसन्न, स्वच्छ आवाज मला सांगत राहिला, की ओली ज्वारी वेगळी काढावी, कोरडीत मिसळू नये, नाहीतर सगळीच खराब होते.